शहाळं घेऊन निघण्याआधी: पेशंटला भेटणाऱ्यांनी आणि सोबतीला थांबणाऱ्यांनी या चुका टाळा

श्रावणातल्या एका सकाळी बाबा बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७८, मधुमेह जुना, किडनी जरा दमलेली. ऑपरेशन धरून १३ दिवस आम्ही पुण्यातल्या एका हॉस्पिटलात मुक्काम ठोकून होतो. तेवढ्या दिवसांत सिस्टर आम्हाला जितक्यांदा ओरडल्या, त्यातल्या निम्म्या वेळा आम्ही काही चुकवलं म्हणून नाही, तर नको ते केलं म्हणून. बाबा कॉटवर, आपण नुसते बसलेलो, हाताला चाळा हवा असतो. मग कुणी पाय चेपतं, कुणी रस पाजतं, कुणी सलाईनशी खेळतं. खालच्या बहुतेक चुका आमच्याच घरच्या आहेत, काही शेजारच्या कॉटवरच्या.

‘उपाशी ठेवलंय’ म्हणजे तीर्थसुद्धा नाही

ऑपरेशनच्या दिवशी आत्या सकाळीच देवळातून थेट आली. अंगारा लावला, इथवर ठीक. मग पर्समधून तीर्थाची बाटली निघाली आणि पेढा. ‘एवढ्याशानं काय होतंय?’ सिस्टर वेळेवर आल्या म्हणून बरं. भूल दिली की खोकून घसा साफ करण्याची शरीराची सवयच बंद होते. पोटातलं वर आलं तर ते फुप्फुसात उतरतं, आणि म्हाताऱ्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. साधारण हिशोब असा, की जेवणखाण निदान ६ तास आधी बंद आणि नुसतं पाणी २ तास आधी बंद. तुमच्या पेशंटसाठी मात्र भूलतज्ज्ञ सांगतील तीच वेळ खरी. आणि दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही.

चुकून काही खाल्लं गेलंच तर? सांगून टाका. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, डॉक्टर वैतागतील, बस. लपवलं तर जे होऊ शकतं त्याच्यापुढे हे काहीच नाही. आत्याला परत कुणी काही बोललं नाही, पण कॉटच्या कठड्याला मी ‘काहीही देऊ नका, पाणीही नाही’ असा मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला. येणारे सगळे तो वाचायचे आणि तरी एकदा विचारायचे.

शहाळं सगळ्यांना चालत नाही

आपल्याकडे पेशंटला भेटायला जायचं म्हणजे शहाळं, मोसंबी आणि बिस्किटाचा पुडा. आमच्या कॉटखाली तिसऱ्या दिवशी सात शहाळी जमली होती. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी धड असेल तर ते लघवीतून निघून जातं, नसेल तर रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. मोसंबीच्या रसात पोटॅशियम आणि वर साखर. बाबांना दोन्ही बंद होतं. आमची सात शहाळी शेवटी वॉर्डातल्या मावशी आणि मामांनी संपवली, त्यांच्या किडन्या उत्तम होत्या.

काही न्यायचंच असेल तर आधी सोबतीच्या माणसाला फोन करा. लांब वायरचा चार्जर, डास पळवायची ट्यूब, घरची मऊ चादर, सुटे पैसे, सोबतीच्या माणसासाठी पोळीभाजीचा डबा. यातलं काहीही शहाळ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

पाजताना, भरवताना आणखी एक चूक होते, ती म्हणजे झोपल्या झोपल्या घोट देणं. डोक्याकडची बाजू उंच करून बसतं करा, छोटा घास द्या, गिळला हे बघा, आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नका. घास घेताना दरवेळी ठसका लागत असेल किंवा आवाज घोगरा होत असेल तर भरवणं थांबवा आणि सिस्टरना सांगा.

भेटायला येणाऱ्यांसाठी

कॉटवर बसू नका. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला गादी हलली तरी कळ येते, हे आम्हाला काका बसल्यावर कळलं. सर्दी-खोकला असेल तर येऊच नका, फोन करा. आत जाताना आणि बाहेर पडताना हात धुवा. लहान मुलांना आणू नका, बहुतेक ठिकाणी सोडतही नाहीत. ‘केवढे खंगलात हो!’ हे वाक्य दाराबाहेर ठेवा. तुमच्या मेव्हण्याच्या ऑपरेशननंतर काय काय झालं, ते त्याच्याबरोबरच राहू दे. दहा मिनिटं पुरेत.

आणि ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. याला कुणीही कधीही काही सांगत नाही. माझ्या एका शेजाऱ्यांनी काय केलं, तर म्हणाले, ‘शुक्रवारी रात्री मी थांबतो, तू घरी जाऊन झोप.’ वार ठरलेला, काम ठरलेलं. नाही म्हणायला जागाच नव्हती.

डॉक्टर काय म्हणाले, हे कुणालाच नीट माहीत नसणं

सगळ्यांत महाग पडलेली चूक हीच. पहिले तीन दिवस सकाळी भाऊ, दुपारी मी, रात्री चुलतभाऊ, आणि अमेरिकेतली बहीण आमच्या मध्यरात्री फोनवर. प्रत्येकानं डॉक्टरांना गाठून वेगळा प्रश्न विचारला, प्रत्येकाला वेगळं उत्तर ऐकू आलं. रक्त पातळ करायची गोळी बाबा घेतात, हे मला वाटलं भावानं सांगितलंय, भावाला वाटलं मी. भूलतज्ज्ञांनी तपासणीत थेट बाबांनाच विचारलं, तेव्हा बाहेर आलं. ही गोळी चालू आहे की नाही, यावर ऑपरेशन कधी आणि भूल कोणती हे ठरत असतं.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर घरी चालू असलेली सगळी औषधं, डोस आणि वेळ, त्यातच वैद्यांची पुडी आणि गुडघ्याचं तेलसुद्धा. कशाची ॲलर्जी आहे, आधीची ऑपरेशनं कोणती, तेही तिथंच. पुढच्या पानांवर तारीख टाकून ताप, साखर, लघवी किती, शौचाला झाली का, काय खाल्लं, आणि राउंडला डॉक्टर काय बोलले. ड्युटी बदलताना येणाऱ्यानं दहा मिनिटं लवकर यायचं, जाणाऱ्यानं वही वाचून दाखवायची. सिस्टर हेच करतात, आपण का करत नाही कोण जाणे.

राउंडची वेळ विचारून ठेवा आणि नेमकं तेव्हाच चहाला जाऊ नका. (वॉर्डातले निम्मे नातेवाईक राउंडच्या वेळी कॅन्टीनमध्ये असतात. हा माझा पक्का अनुभव.) तीनच प्रश्न लिहून तयार ठेवा: आज काय बदललं, आज आम्ही काय करायचं, कशावर लक्ष ठेवायचं. डॉक्टरांशी घरातल्या एकानंच बोलायचं. बाकी नातेवाइकांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर संध्याकाळी एक निरोप. त्यानंतर माझा फोन दिवसाला चाळीसवरून सहावर आला.

घरच्या गोळ्या स्वतःहून चालू ठेवणं हीही चूकच. हॉस्पिटलच्या कागदावर तीच गोळी वेगळ्या कंपनीच्या नावानं लिहिलेली असते आणि पेशंटला दोन डोस जातात. घरची पिशवी सिस्टरना दाखवा आणि बंद करून ठेवा.

रात्री माणूस भलतंच बोलायला लागला तर

पाचव्या रात्री बाबांनी मला ओळखलं नाही. भिंतीवर माणसं दिसतात म्हणाले, सलाईन उपसायला लागले. चुलतभाऊ म्हणाला, डोक्यावर परिणाम झाला. झाला नव्हता. ऑपरेशननंतर, विशेषतः हाड मोडलेल्या वयस्कर माणसांत, असा भ्रम बऱ्याचदा होतो आणि बहुतेकदा ओसरतो. त्याला इंग्रजी डॉक्टरी शब्द आहे डेलिरियम. पण ‘वयामुळे होतं’ म्हणून गप्प बसणं चूक. लघवी तुंबलेली असू शकते, संसर्ग असू शकतो, रक्तातलं सोडियम घसरलेलं असू शकतं, नुसती बद्धकोष्ठताही पुरते. म्हणून त्याच रात्री सांगायचं.

आपण काय करायचं? वाद घालायचा नाही. ‘कुठंयत माणसं, दाखवा बरं’ असंही नाही. हळू आवाजात आपलं नाव, जागा, वार सांगायचा. चष्मा आणि कानातलं यंत्र घरी कपाटात सुरक्षित ठेवलेलं असतं, ते आणायचं. आम्हीही ते घरीच ठेवलं होतं, हरवेल म्हणून. दिवसा पडदे उघडे, जागं ठेवायचं, रात्री दिवे मंद. ओळखीचं माणूस जवळ. घरची झोपेची गोळी मुळीच नाही, तिनं भ्रम वाढू शकतो. त्यानंतर तिसऱ्या दिवशी बाबांनी पेपर मागितला आणि आम्हाला हुश्श झालं.

यंत्रांना हात लावण्याआधी

सलाईन थांबलं तर आधी हात कोपरात वाकलाय का, नळी अंगाखाली आलीय का, एवढंच बघा. चाक फिरवून वेग वाढवू नका. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला पाणी भराभर गेलं तर धाप लागते. नळीत रक्त वर चढलेलं दिसलं तर घाबरू नका, सिस्टरना बोलवा. सुईच्या जागी सूज, लाली, आग असेल तरी तेच, तेल चोळायचं नाही.

मॉनिटर वाजला की आधी पेशंटकडे बघा, मग बोटाकडे. ऑक्सिजन मोजणारा चिमटा निसटलेला असतो, बोट गार पडलेलं असतं किंवा नेलपॉलिश असतं. पेशंट नेहमीसारखा दिसत नसेल तर हाक मारा. आवाज बंद करायचं बटण आपलं नाही. ऑक्सिजन कमी-जास्त करणंही आपलं काम नाही. सीओपीडीसारख्या फुप्फुसाच्या जुनाट आजारात जास्त ऑक्सिजनसुद्धा अपाय करतो.

लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता. एक्स-रेला नेताना हमखास चूक होते: कुणीतरी ती पिशवी उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतं आणि लघवी उलटी आत जाते. जंतूंना याहून सोपा रस्ता नाही.

पाय चेपणं

यावर घरात भांडण झालं. पडून असलेल्या माणसाच्या पोटरीत रक्ताची गाठ होऊ शकते, आणि चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटऱ्या चेपू नका. एकच पाय सुजला, गरम लागला, दुखायला लागला तर लगेच सांगा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर क्षणही दवडू नका. माकडहाडावर, टाचेवर लाल चट्टा दिसला तर तोही चोळायचा नाही. दाबल्यावर लाली जात नसेल तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. दर २ तासांनी कूस बदलायची, पण ऑपरेशन झालेल्या पायाला कसं धरायचं हे आधी सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून शिकून.

पैशाच्या चुका

‘बाबांना चांगली खोली हवी’ म्हणून आम्ही विम्याच्या मर्यादेबाहेरची खोली घेतली. मर्यादा दिवसाला ५,००० आणि खोली ८,००० ची असेल, तर वरचे ३,००० भरले की संपलं असं नसतं. बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठातले पाच, असे मंजूर होतात. खोली निवडण्याआधी पॉलिसीतली ही ओळ शोधा. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जची ३ तासांत यायला हवी. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे बघणाऱ्या संस्थेच्या, खिडकीवर हे शांतपणे म्हणता आलं पाहिजे.

विमा नसेल तर भरती होतानाच आरोग्यमित्राला (सरकारी योजनेची मदत करायला हॉस्पिटलात बसणारा माणूस) गाठा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का विचारा. बिल भरून झाल्यावर नाही. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्या मागून घ्याव्या लागतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड जवळ असू द्या.

सगळ्या रात्री एकट्यानं काढणं

सलग चौथ्या रात्री मी बाकावर बसल्या बसल्या झोपले आणि बाबा पाणी मागत राहिले. त्या रात्रीनंतर रात्रपाळीला ब्युरोची बाई लावली. नातेवाइकांत कुजबुज झाली, सख्ख्या मुलीनं बाई लावली म्हणून. होऊ दे. ती बाई कूस बदलण्यात माझ्यापेक्षा दसपट तरबेज होती.

घरी नेण्याची घाई

डिस्चार्जच्या दिवशी सगळे बिलाच्या मागे असतात. फाईल हातात आल्यावर, पायऱ्या उतरण्याआधी बघा: टाके कधी काढायचे, कोणत्या जुन्या गोळ्या बंद आणि कोणत्या चालू, पायावर किती भार द्यायचा, कशासाठी ताबडतोब परत यायचं, आणि रात्री फोन कुणाला करायचा. एक्स-रे आणि रिपोर्ट मोजून घ्या. वॉकर, कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते, विकत घेऊ नका. पण आणण्याआधी घरचं दार मोजा. आमच्या बाथरूमचं दार खुर्चीपेक्षा दोन इंचांनी अरुंद निघालं, आणि बाबा रुग्णवाहिकेत बसून असताना सुतार शोधत मी गल्लीभर फिरले.