संशोधनाचा पेपर लिहायला बसताना आधी आलेख
लासलगावकडच्या कांदाचाळीत सेन्सर लावून आर्द्रता मोजली आणि आता पेपर लिहायचाय? मग प्रस्तावनेपासून सुरुवात करू नका. आधी आलेख काढा. अक्षांवर एकक हवंच: तापमान अंश सेल्सिअसमध्ये, सापेक्ष आर्द्रता टक्क्यांत. आलेखाखालची ओळ अशी लिहा की बाकी मजकूर न वाचताही मुद्दा कळावा. सेन्सरची अचूकताही द्या, ही गोष्ट फार जण सोडून देतात. डीएचटी२२ या तापमान-आर्द्रता सेन्सरच्या डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) आर्द्रतेची अचूकता ±२ टक्के, कमाल ±५ टक्के दिलेली असते. तेव्हा १ टक्क्याच्या फरकावर दावा उभारू नका, कितीही मोह झाला तरी. सारांश सगळ्यात शेवटी लिहा. सादरीकरणात पेपरमधला तक्ता स्लाइडवर तसाच चिकटवू नका, मागच्या बाकावरून आकडे दिसत नाहीत. एकच आलेख, मोठा करून दाखवा.