दारात मुलांसह बाई उभी असेल तर: पहिल्या रात्रीपासून पाचव्या दिवसापर्यंत

मुलांना घेऊन घराबाहेर पडलेली बाई आधी शेजारणीकडे जाते, नाहीतर अंगणवाडीताईंकडे किंवा शाळेतल्या बाईंकडे. हे सगळं त्यांच्यासाठीच लिहिलं आहे.

मार लागला असेल किंवा मूल आजारी असेल, तर आधी १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. जखम कशी झाली हे तिने डॉक्टरांना खरं सांगायला हवं. केसपेपरवर "पडल्याने" असं लिहिलं गेलं, तर पुढे कोर्टात तोच कागद तिच्या विरोधात जातो. नवरा मागावर येईल अशी भीती असेल तर ११२. तातडीचा धोका नसेल आणि रात्रीपुरता निवारा हवा असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन. मूल हरवलं असेल किंवा त्याला कुणी अडकवून ठेवलं असेल तर १०९८.

१८१ वर बोलताना मोघम बोलू नका. ती आत्ता कुठे आहे, मुलं किती, प्रत्येकाचं वय, मुलगा की मुलगी, ती गरोदर आहे का, बाळ अंगावर पितं का, कुणाचं औषध चालू आहे का, हे सांगा. मग विचारा: आज रात्री जागा आहे का आणि न्यायला गाडी येईल का? फोनवरच्या व्यक्तीचं नाव आणि वेळ लिहून ठेवा.

बहुतेकदा तुम्हाला सखी वन स्टॉप सेंटरचा पत्ता मिळेल. तिथे राहणं, जेवण, उपचार, पोलिसांची आणि वकिलाची मदत एकाच जागी मिळते, पण मुक्काम जास्तीत जास्त ५ दिवसांचा. नेमकी गफलत इथेच होते. पहिले दोन-तीन दिवस सगळे "जरा शांत होऊ दे" म्हणतात, पाचव्या दिवशी पुढची जागा ठरलेली नसते आणि ती मुलांसह त्याच घरी परत जाते. त्यामुळे पुढच्या मुक्कामाचा अर्ज पहिल्याच दिवशी द्या. पुढचा मुक्काम म्हणजे शक्ती सदन (पूर्वीची स्वाधार गृहं यातच आली) किंवा शासकीय महिला राज्यगृह.

अर्ज तोंडी नको, लेखी हवा. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांच्या (कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) नावे चार ओळी पुरतात: "कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम ६ अन्वये मला व माझ्या मुलांना निवारा मिळावा. माझा ठावठिकाणा प्रतिवादीस कळवू नये." दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. शेवटचं वाक्य गाळू नका. बाईची इच्छा असेल तर निवारागृहाने तिची माहिती उघड करायची नाही, असं या कायद्याच्या २००६ च्या नियमांत आहे. "आधी डीआयआर आणा, मग घेऊ" असं कुणी म्हणालं तर तेही चूक आहे. डीआयआर, म्हणजे घरगुती घटनेचा अहवाल, नाही म्हणून निवारा नाकारता येत नाही.

पोलीस ठाण्यातून अनेकजणी एनसीची पावती घेऊन परततात आणि केस झाली असं समजतात. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, तिच्यावर आपोआप तपास होत नाही. डीआयआर वेगळा, तो संरक्षण अधिकारी भरतात आणि त्याची प्रत बाईला विनामूल्य मिळते.

आता मुलग्यांचा प्रश्न. यावरच आई सगळ्यात जास्त अडते. मिशन शक्ती या केंद्र सरकारच्या महिलांसाठीच्या योजनेच्या नियमांप्रमाणे सखी केंद्रात मुली कोणत्याही वयाच्या राहू शकतात, मुलगे १२ वर्षांपर्यंत. काही ठिकाणी अजून जुनी ८ वर्षांची मर्यादा सांगतात, तेव्हा वाद घालण्यापेक्षा नियम लेखी मागा. मुलगा मोठा असेल तर त्याची सोय बाल कल्याण समितीमार्फत (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) बालगृहात होते. समितीसमोर "तात्पुरती सोय, आईची भेट चालू" हे शब्द कागदावर आणा. न वाचता सही अजिबात नको. समर्पणपत्रावर सही म्हणजे मूल कायमचं सोडणं. चुकून झालीच तर फेरविचाराला २ महिने मिळतात, त्यात लगेच हालचाल करा.

पिशवीत काय असावं? आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लसीकरणाचं कार्ड, लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, चालू औषधं, बाळाचे दोन दिवसांचे कपडे. मूळ कागद घरीच राहिले तरी थांबू नका, नंतर कोर्टामार्फत मागता येतात. मोबाइलकडे मात्र त्याच रात्री बघा. लोकेशन शेअरिंग बंद करा, ईमेलचा पासवर्ड बदला. सिम नवऱ्याच्या नावावर असेल तर तो ते बंद करून दुसरं काढू शकतो आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातात. नवं सिम तिच्या नावावर घ्या. आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन तो नंबर आधारला जोडा, मग बँकेत बदला.

वकिलाला पैसे लागतात या भीतीने थांबू नका. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. फोन १५१००. निवारागृह दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी जिथे ती तात्पुरती राहते तिथल्याच कोर्टात २००५ च्या त्याच कायद्याच्या कलम १२ चा अर्ज चालतो. त्यात संरक्षण, राहत्या घराचा हक्क किंवा पर्यायी घराचं भाडं, खर्चाची रक्कम आणि मुलांचा ताबा एकत्र मागा. कायद्याप्रमाणे पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल शक्यतो ६० दिवसांत. प्रत्यक्षात उशीर होतो, म्हणून कलम २३ खाली अंतरिम (निकालापर्यंतचा तात्पुरता) आदेश त्याच अर्जासोबत मागायला वकिलाला सांगा.

शाळा बुडवू नका. टीसी यायला उशीर झाला किंवा जन्मदाखला नाही, म्हणून शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेश अडवता येत नाही. ६ वर्षांखालच्या मुलाला जवळच्या अंगणवाडीत नेऊन पोषण आहार सुरू करा. आई एकटी मुलं सांभाळत असेल तर बालसंगोपन योजनेचा (मुलांच्या खर्चासाठी दरमहा सरकारी मदत) अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्या.

हिंसा नसून घरमालकाने काढलं किंवा गावाहून येऊन आसरा नाही, अशी स्थिती असेल तर पालिकेच्या बेघर निवारा केंद्रात जा. आधी फोन करून बायकांसाठी वेगळी खोली आहे का, हे विचारा. काही केंद्रांत फक्त पुरुषच असतात आणि रात्री मुलांना घेऊन तिथवर गेल्यावर ते कळतं.