व्हिएतनामची संस्कृती जवळून पाहायची असेल, तर या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या बहुतेक व्हिएतनाम सहलींची वाट ठरलेली असते: हनोई, हा लाँग बे, डा नांगजवळचा गोल्डन ब्रिज, कू चीचे भुयारी मार्ग आणि सायगावमध्ये खरेदी. हे सगळं बघण्यासारखंच आहे. पण ज्यांना गावातल्या तळ्यावरचा बाहुल्यांचा खेळ, देवीच्या ठाण्यातला अंगात येण्याचा हाउ डोंग विधी किंवा दक्षिणेतल्या चाम समाजाचा उत्सव अनुभवायचा असतो, त्यांचा बेत बहुतेक वेळा तारीख, वेळ किंवा अपेक्षा चुकल्यामुळे फसतो. आधी माहीत असेल तर यातली जवळपास प्रत्येक चूक टाळता येते.

तारखा इंग्रजी कॅलेंडरवरून ठरवणं

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून तारीख ठरते आणि तिथे गेल्यावर कळतं, की उत्सव चार दिवसांपूर्वीच झाला. व्हिएतनाममध्ये ऑफिस इंग्रजी तारखेने चालतं, पण देवधर्म, जत्रा आणि पितरांचे दिवस चांद्र तिथीने. मराठी माणसाला हे समजायला अजिबात जड जाऊ नये. त्यांचा महिना आपल्यासारखाच अमावास्येशी सुरू होतो, पंधराव्या दिवशी पौर्णिमा येते आणि मध्येच अधिक महिनाही पडतो. वर्षाचा पहिला महिना साधारण आपल्या माघाच्या आसपास येतो. तिथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या आकड्याखाली बारीक आकडा असतो, ती चांद्र तिथी. हॉटेलात किंवा होमस्टेमध्ये तोच आकडा विचारा.

काही तिथी टिपून ठेवा. बाक निन्हजवळच्या लिम टेकडीवरची क्वान हो गाण्यांची जत्रा पहिल्या महिन्याच्या १३ तारखेला भरते. देशाचे आद्य राजे मानलेल्या हुंग राजांचा स्मृतिदिन तिसऱ्या महिन्याच्या १० तारखेला असतो. त्या दिवशी देशभर सुट्टी, त्यामुळे फू थो भागात तुफान गर्दी. उत्तरेच्या डोंगरातला खाउ वाइचा ‘प्रेमबाजार’, म्हणजे जुन्या प्रेमिकांच्या भेटीची जत्रा, तिसऱ्या महिन्याच्या २७ तारखेला. होई आनला मात्र बरेच जण गफलत करतात. कंदिलांची रात्र पौर्णिमेची, असं वाचून ते १५ तारखेला पोहोचतात. जुन्या गावातले दिवे मंद करून कंदील लावतात ते दर चांद्र महिन्याच्या १४ तारखेला, म्हणजे आदल्या रात्री.

टेट, म्हणजे त्यांचं नववर्ष, ‘बघायला’ म्हणून जाणाऱ्यांची निराशा ठरलेली. २०२७ साली टेट ६ फेब्रुवारीला आहे. ऐन सणाचे पहिले दोन-तीन दिवस अनेक दुकानं आणि खानावळी बंद असतात, गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत आणि लोक आपापल्या गावी गेलेले असतात. टेट बघायचा असेल तर आधीच्या आठवड्यात जा. फुलांचे बाजार, मोटारसायकलवर बांधून नेलेली कुमक्वाटची आणि पीचची झाडं, रात्रभर शिजणारे चिकट तांदळाचे बान्ह चुंग, खरी लगबग तेव्हाची. आणि नववर्षाच्या दिवशी कुणाच्या घरी न सांगता जाऊ नका. वर्षात घराचा उंबरा पहिल्यांदा कोण ओलांडतं यावर त्या घराचं वर्ष कसं जाईल हे ठरतं, असं मानतात. त्यामुळे पहिला पाहुणा बऱ्याचदा आधीच ठरवलेला असतो.

बाजारात सकाळचा नाश्ता उरकून जाणं

हॉटेलचा नाश्ता सातला, बस आठला, हा आपला शिरस्ता. मेकाँगच्या खोऱ्यातल्या कान थो शहराच्या ‘काय रांग’ या होड्यांवरच्या तरंगत्या बाजाराची खरी वेळ उजाडायच्या सुमाराची, आठपर्यंत घाऊक व्यापारी निघायच्या बेतात असतात. रस्ते झाले तसा हा बाजार आधीच आटत चाललाय, हेही मनात धरून जा. शंभर होड्यांच्या जुन्या फोटोची अपेक्षा ठेवली तर हिरमोड होईल. होडीच्या टोकाला उभ्या केलेल्या बांबूकडे मात्र नक्की बघा. अननस टांगलाय म्हणजे अननस विकायचेत, भोपळा टांगलाय म्हणजे भोपळे. झावळीचं छप्पर टांगलं असेल, तर ती होडीच विकायची आहे.

उत्तरेला बाक हाचा बाजार रविवारचा, कान काउचा शनिवारचा, कोक लीचा मंगळवारचा. वार चुकला की बघायला फार काही उरत नाही.

गाण्याला ‘शो’ समजून जाणं

हनोईत होआन कीम तळ्याकाठी थांग लाँग थिएटर आहे, तिथे जल-बाहुल्यांचे प्रयोग रोज होतात. चांगले असतात, जरूर बघा. पण ही कला लाल नदीच्या खोऱ्यातल्या भातशेतीच्या गावांची. हनोईच्या उत्तरेला डोंग आन्ह भागात दाओ थुक गाव आहे, तिथलं मंडळ गावच्या तळ्यावर खेळ करतं. आधी कळवावं लागतं, गट लागतो, आणि दुभाष्या सोबत असेल तर उत्तम. बाहुल्या उंबराच्या लाकडाच्या असतात, कारण ते हलकं असतं आणि तरंगतं. वर लाखेचे थर देतात, म्हणजे पाणी मुरत नाही. खेळवणारे पडद्यामागे कमरेइतक्या पाण्यात उभे असतात आणि पाण्याखालून जाणाऱ्या लांब काठ्यांनी बाहुल्या हलवतात. काठ्यांची जोडणी बघायचा हट्ट धरू नका. ती प्रत्येक मंडळाची राखलेली विद्या आहे.

का त्रू या जुन्या गायनप्रकाराबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आपल्या बैठकीच्या गाण्याची गोडी असणाऱ्याने हनोईत हे चुकवलं तर मला मनापासून वाईट वाटेल. एक गायिका, एक वादक आणि एक श्रोता, एवढ्यावर मैफल उभी राहते. गायिका मांडी घालून बसते आणि गाता गाता समोरच्या बांबूच्या पट्टीवर छोट्या काठ्यांनी ठेका धरते. वादकाकडे लांब दांड्याचं, तीन तारांचं दान दाय. तिसरा माणूस श्रोत्यांपैकी, जाणकार. त्याच्यासमोर छोटा ढोल असतो. ओळ साधली की तो काठीने दाद देतो, कुठे ढोलाच्या कातडीवर, कुठे कडेवर. दाद हाच मैफलीचा एक भाग. एके काळी श्रोते गायिकेला बांबूचे तुकडे बक्षीस द्यायचे आणि कार्यक्रमानंतर त्यांचे पैसे चुकते व्हायचे. २००९ साली युनेस्कोने का त्रूची नोंद तातडीने जपायला हव्या अशा कलांमध्ये केली, इतकी ती विरळ झाली होती.

इथे होणारी चूक म्हणजे दहा मिनिटांत कंटाळून फोन काढणं किंवा मधेच टाळ्या वाजवणं. गळ्यातला कंप आणि तोंड फारसं न उघडता काढलेला स्वर कानाला आधी परका वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या रचनेपर्यंत बसा. जमलं तर आधी विचारून पुढच्या रांगेत बसा, म्हणजे ढोलाची दाद कुठे पडते ते दिसेल.

हाउ डोंगमध्ये कॅमेरा घुसवणं

मातृदेवतांच्या उपासनेतला हा विधी. माध्यम झालेली व्यक्ती आरशासमोर बसते, डोक्यावर लाल कापड घेते, आणि एकेक देवता अंगात आली की तिचा पोशाख चढवते: सेनापतीचा, राजकन्येचा, डोंगरातल्या आदिवासी देवीचा. बाजूला या विधीची चाउ वान गाणी गाणारे बसलेले असतात, देवता बदलली की चालही बदलते. विधी तासन्‌तास चालतो. आपल्याकडच्या देवीच्या ठाण्यात वारं येताना ज्याने पाहिलंय, त्याला इथे परकं वाटणार नाही, आणि कसं वागायचं हेही सांगावं लागणार नाही.

तरी सांगतो. हा कुणाच्या तरी घरचा, कुणीतरी खर्च करून घातलेला विधी असतो. यजमानाची परवानगी घेतल्याशिवाय आत शिरू नका आणि फ्लॅश मारू नका. खांदे-गुडघे झाकलेले असावेत. देवता फळं, बिस्किटं, कधी लहान नोटा वाटते. या प्रसादाला तिथे ‘लोक’ (lộc) म्हणतात. तो दोन्ही हातांनी घ्या. ‘नको, राहू दे’ म्हणणं तिथे सौजन्य ठरत नाही. नाम दिन्ह भागातल्या फू झायला तिसऱ्या चांद्र महिन्यात मोठी जत्रा असते. ओळखीचं कुणी नसेल तर तिथे जाणं सोपं पडतं, कारण देऊळ सगळ्यांना खुलं असतं.

‘मी सोन’ बघून ‘चाम झालं’ म्हणणं

डा नांगजवळच्या ‘मी सोन’ इथली चाम राजांची शिवमंदिरं चौथ्या ते तेराव्या शतकातली, १९९९ पासून जागतिक वारसा. भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथल्या काही मंदिरांची डागडुजी केली, आणि २०२० साली त्या कामात नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. मराठी पर्यटक तिथे हात जोडतात, फोटो काढतात आणि परततात. पण मी सोन आज भग्नावशेष आहे. जिवंत चाम संस्कृती दक्षिणेला फान रांगच्या आसपास आहे आणि तिकडे आपल्यातले फार थोडे जातात, ही मला सगळ्यात मोठी हुकलेली संधी वाटते.

तिथे पो क्लोंग गराईचं विटांचं देऊळ टेकडीवर उभं आहे. दारावर नाचणारा शिव, आत नंदी, आणि गाभाऱ्यात राजाचा चेहरा कोरलेलं मुखलिंग. चाम पंचांगाच्या सातव्या महिन्यात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, काते उत्सव असतो. डोंगरातले राग्लाय लोक आपल्याकडे जपून ठेवलेली देवाची वस्त्रं घेऊन येतात, मिरवणुकीने ती वर नेतात, मग देवाला स्नान घालून वस्त्रं नेसवतात. तारीख व्हिएतनामी चांद्र कॅलेंडरवरून काढू नका. चाम पंचांग वेगळं आहे.

इथे टाळायची गोष्ट म्हणजे ‘हे आपलंच’ म्हणत स्वतःची पूजा सुरू करणं, लिंगावर पाणी ओतणं, मोठ्याने आरती म्हणणं. त्यांचे पुजारी आहेत, त्यांची भाषा आहे, त्यांचा क्रम आहे. शांतपणे बसा, पुढे बोलावलं तर जा.

जवळच बाउ त्रुक गावात बायका चाकाशिवाय मडकी घडवतात. मडकं जागेवर, आणि बाई त्याच्याभोवती मागे मागे चालत कड उचलत नेते. भट्टी नाही, उघड्यावर लाकूड-गवत रचून भाजतात. २०२२ मध्ये ही कलाही युनेस्कोच्या तातडीच्या यादीत आली. मडकं थेट घडवणारीकडूनच घ्या.

आणखी एक. ‘व्हिएतनामने शिवाजी महाराजांच्या युद्धनीतीवर अमेरिकेला हरवलं’ हा व्हॉट्सअॅपवरचा मजकूर तिथल्या गाइडला ऐकवून दुजोरा मागू नका. त्याला विश्वासार्ह आधार नाही. बोलायला खऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत: १९५४ मध्ये नेहरू हनोईला गेले होते, १९५८ मध्ये हो ची मिन्ह भारतात आले होते.

‘मांस नको’ एवढंच सांगणं

मांस वगळलं तरी माशांचा सॉस, म्हणजे न्योक माम, जवळपास सगळ्यात पडतो आणि फो या नूडल सूपचं पाणी हाडांचं असतं. शब्द एकच लक्षात ठेवा: ‘आन चाय’, म्हणजे बौद्ध शाकाहार. ‘चाय’ची पाटी असलेली खानावळ शोधा. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला अनेक घरांत शाकाहार पाळतात, त्या दिवशी अशा खानावळी भरलेल्या असतात आणि जेवण ताजं मिळतं. कडक बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही नसतो, पण बटाटा आणि कंद असतात, हे जैन मंडळींनी लक्षात घ्यावं. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, ते पितरांपुढच्या उदबत्त्यांसारखं दिसतं.

उरलेलं थोडक्यात

उत्तरेतल्या ‘हा जियांग’च्या घाटात भाड्याची बाइक स्वतः चालवायचा मोह टाळा. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या वाहतूक करारातला असतो, व्हिएतनाम १९६८ च्या करारातला मानतो. अपघात झाला तर विमाही हात वर करतो. स्थानिक चालकाच्या मागे बसून जा.

२०,००० आणि ५,००,००० डोंगच्या नोटा दोन्ही निळसर असतात. संध्याकाळच्या उजेडात शून्यं मोजूनच द्या.

१ जुलै २०२५ पासून ६३ प्रांतांचे ३४ झाले. होई आन आणि मी सोन आता डा नांगमध्ये, फान रांग खान्ह होआमध्ये आणि हा जियांग तुयेन क्वांगमध्ये गेलं. जुन्या पुस्तकातला पत्ता आणि नकाशावरचा पत्ता जुळला नाही तर घाबरू नका. गाडीवाल्याला गावाचं आणि देवळाचं नाव दाखवा, प्रांताचं नको.