पेशंट ‘बोलत नाही’ म्हणजे नेमकं काय?

मेडिसिनच्या वॉर्डात नव्यानं आलेल्या इंटर्नला न्यूरोचे, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांचे, शब्द घाबरवतात. ती भीती लवकर जाते, खरंच. हेमी म्हणजे एका बाजूचं अंग, पॅरा म्हणजे दोन्ही पाय, प्लेजिया म्हणजे ताकद पूर्ण गेलेली, पॅरेसिस म्हणजे कमी झालेली. ताकदीच्या शून्य ते पाच ग्रेड तुम्हाला पाठ आहेतच. यावर मी वेळ घालवत नाही.

अडकवतं ते बोलणं. मला यानं इतकं छळलंय की अजूनही लकव्याचा पेशंट आला की हातपाय उचलायला लावायच्या आधी मी त्याला बोलतं करते. नातेवाईक तीन प्रकारे सांगतात: “सकाळपासून बोलंना गेलेत”, “बोबडं बोलायलेत”, नाहीतर “कायबी बरळायलेत”. आपण तिन्हीपुढे घाईघाईत ‘स्लर्ड स्पीच’, म्हणजे उच्चार अस्पष्ट, लिहून मोकळे होतो. हे करू नका. या तीन वाक्यांमागं तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

डिसआर्थ्रियात भाषा शाबूत असते, उच्चार बिघडतात. वाक्य बरोबर असतं, शब्द नेमका असतो, फक्त जीभ-ओठ साथ देत नाहीत. लिहिता येणाऱ्याला कागद दिला तर तो नीट लिहून दाखवतो. अफेझियात भाषाच बिघडते. ब्रोकाच्या प्रकारात माणसाला समजतं बऱ्यापैकी, पण शब्द फुटत नाही. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरनं १८६१ मध्ये ज्या पेशंटचं वर्णन केलं तो प्रत्येक प्रश्नाला ‘तां’ एवढंच म्हणायचा. वेर्निकेच्या प्रकारात उलटं. बोलणं धो-धो, लय अगदी नेहमीची, पण अर्थ लागत नाही आणि समोरच्याचंही कळत नाही. हा पेशंट सगळ्यात दुर्दैवी. हातपाय बऱ्याचदा चांगले चालत असतात, त्यामुळं घरचे म्हणतात बाहेरचं लागलंय, आणि आपण लिहितो ‘इर्रिलेव्हंट टॉक’, म्हणजे असंबद्ध बडबड. मेंदूचा सीटी स्कॅन मागेच राहतो.

म्हणून केसपेपरवर शब्द लिहायच्या आधी चार गोष्टी करा: आपणहून बोलतो कसं ते ऐका, सांगितलेलं कळतं का बघा, वस्तूंची नावं विचारा, वाक्य मागं म्हणायला लावा. सोपं वाटतं ना? आता यातली मेख सांगते. “डोळे मिटा” म्हणताना आपण स्वतःच डोळे मिटतो. “हात वर करा” म्हणताना आपलाच हात वर जातो. पेशंट बघून नक्कल करतो आणि आपण लिहितो, कॉम्प्रिहेन्शन नॉर्मल, म्हणजे समज चांगली. हात खिशात घाला, चेहरा हलवू नका, मगच सांगा. एकदा “छताकडं बोट दाखवा” म्हणा आणि स्वतः जमिनीकडं बघा.

दुसरी मेख मराठवाड्याचीच आहे. तांड्यावरच्या आजीची भाषा बंजारा. देगलूरकडच्या माणसाच्या घरी तेलुगू असू शकते, उदगीरकडं कन्नड, आणि शहरातल्या कितीतरी मोहल्ल्यांत दखनी. एरवी ही माणसं मराठी बोलतात, पण घाबरलेली, आजारी, त्यात परीक्षेसारखे प्रश्न. उत्तर आलं नाही म्हणजे अफेझियाच आहे असं नाही. आधी विचारा, घरात काय बोलता? सुनेला नाहीतर नातवाला शेजारी उभं करून त्याच भाषेत प्रश्न विचारायला लावा, फक्त खुणा करू नका म्हणावं. शाळा किती झाली तेही विचारा. ज्यांनी पाटी धरली नाही त्यांना वाचून-लिहून दाखवा म्हणण्यात अर्थ नाही. ऐकू येतं का बघा. आणि तोंड उघडून बघा! गालात तंबाखूची गोळी असली तर कुणीही बोबडंच बोलणार. चूळ भरायला लावू नका मात्र, गिळता येतं का हे अजून तपासलेलं नाही, बोटानं काढा.

डावखुरा आहे का, हे विचारताना “कोणत्या हातानं जेवता?” हा प्रश्न फुकट आहे. आपल्याकडं डावखुऱ्यालाही लहानपणीच उजव्या हातानं जेवायला लावतात. विळा कोणत्या हातात धरता, दगड कोणत्या हातानं मारता, असं विचारा. बहुतेक डावखुऱ्यांचंही भाषेचं केंद्र मेंदूच्या डाव्याच बाजूला असतं, पण सगळ्यांचं नाही.

अफेझियालाच डिसफेझियाही म्हणतात, पण हा शब्द मी वापरणं सोडलंय. डिसफेजिया, म्हणजे गिळता न येणं, याच्याशी तो लिहिताना-ऐकताना इतका जवळ जातो की रात्रपाळीला कोण काय वाचेल सांगता येत नाही. गिळता येत नसलेल्याला घरच्यांनी कपभर चहा पाजला की तो फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. सरळ अफेझिया लिहा, आणि गिळण्याचं वेगळ्या ओळीत, साध्या शब्दांत.

अशीच गडबड ग्लासगो कोमा स्केलची, म्हणजे पेशंट किती शुद्धीत आहे ते मोजायच्या गुणांची. १९७४ पासून जगभर वापरतात, एकूण तीन ते पंधरा. अफेझियात शब्दच फुटत नसलेल्या पेशंटला बोलण्याचा एकच गुण मिळतो, म्हणून टक्क जागा माणूस अकरावर येतो आणि फोनवर ऐकणाऱ्याला गुंगीतला वाटतो. बेरीज सांगू नका. डोळे चार, बोलणं एक, हालचाल सहा, असं फोडून सांगा.

आता थोडं तिखट. आपल्यातले बरेच जण लातूर पॅटर्नमधून आलोय, पाठांतरात आपला हात कुणी धरत नाही. टेलिग्रामवरच्या पीडीएफ आणि निमॉनिक, म्हणजे पाठांतराच्या युक्त्या, परीक्षेला चालतात, वॉर्डात ते तुम्हाला आंधळं करतात, कारण शब्द तयार असला की माणूस बघायचा राहतो. गुरू शोधायचा तर राउंडला सगळ्यात मोठ्यानं बोलणारा शोधू नका. फिजिओथेरपिस्टच्या मागं सकाळभर फिरा. तो पेशंटला रोज उठवतो-बसवतो, त्याला कालचा आणि आजचा फरक कळतो.

आणि घाबरू नका. शब्द आठवला नाही तर जे दिसलं ते लिहा: ‘सांगितलेलं समजतं, वस्तूचं नाव सांगता येत नाही, उच्चार स्पष्ट.’ हे वाचून कुठलाही सीनियर योग्य शब्द लावेल. चुकीच्या शब्दावरून पेशंट मात्र कुणालाच परत उभा करता येत नाही.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा, बोबडं बोलणं म्हणजे दरवेळी लकवा नव्हे. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेला तरणा माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणत उठतो, मग पापण्या जड होतात, मग बोलणं बोबडं होतं. दोन्ही पापण्या पडणं, म्हणजे टोसिस, दिसलं की मण्यार डोक्यात आणा. तिच्या दाताची खूण बऱ्याचदा सापडतच नाही, म्हणून ‘साप चावल्याची हिस्ट्री नाही’ यावर विसंबू नका. मान उशीवरून उचलता येते का बघा, एका श्वासात किती आकडे मोजतो ते ऐका आणि थोड्या-थोड्या वेळानं परत मोजायला लावा. आकडे कमी व्हायला लागले की केसपेपर बाजूला ठेवून सीनियरला उठवा, पहाटेचे चार वाजलेले असले तरी.