स्थलांतरित शेजाऱ्यांच्या मदतीला धावताना या चुका टाळा

२०२५ पासून अमेरिकेतल्या अनेक शहरांत इमिग्रेशनच्या धाडी वाढल्या, तशी शेजाऱ्यांसाठी काहीतरी करायला हवं असं वाटणारी माणसंही पुढे आली. आपल्या मराठी मंडळींतही ती पुष्कळ आहेत, याचं मला मनापासून समाधान वाटतं. पण इथला इमिग्रेशन कायदा असा आहे, की चांगल्या मनाने दिलेला चुकीचा सल्ला समोरच्याला आयुष्यभर भोवतो. म्हणून काय करावं याच्या आधी काय करू नये, ते नीट समजून घेऊ.

‘सरळ सिटिझन आहे म्हणून सांग’

हा सल्ला कुणालाही देऊ नका. नागरिक नसताना नागरिक असल्याचा खोटा दावा करणं हे स्वतंत्रपणे हद्दपारीचं कारण ठरतं आणि पुढे ग्रीन कार्डची वाटही जवळजवळ कायमची बंद होते. खोटे कागद दाखवण्याचे परिणामही असेच गंभीर असतात. गप्प राहण्याचा हक्क मात्र प्रत्येकाला आहे, मग कागद असोत की नसोत. ‘मला वकिलाशी बोलायचं आहे, तोवर मी काही बोलणार नाही’ एवढं वाक्य शेजाऱ्याकडून इंग्रजीत पाठ करून घ्या. घाबरलेल्या माणसाला ऐन वेळी शब्द सुचत नाहीत.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. ‘कागद दाखवूच नकोस’ हा सल्ला सरसकट देऊ नये. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा वैध व्हिसा आहे, अशा १८ वर्षांवरच्या लोकांनी आपली नोंदणीची कागदपत्रं जवळ बाळगावीत असा कायदाच आहे.

मतदार नोंदणीतही हाच घोळ होतो. एखादा उत्साही स्वयंसेवक ग्रीन कार्डवाल्या शेजाऱ्याला म्हणतो, ‘तुम्ही टॅक्स भरता ना, मग करा की सही.’ फॉर्मवर नागरिक असल्याची खूण केलेली असते, आणि ती बाहेर येते काही वर्षांनी, नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी. नोंदणीचे फॉर्म घेऊन फिरत असाल, तर पहिला प्रश्न नागरिकत्वाचा विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर फॉर्म पुढे करू नका.

दारावर कागद दिसला की दार उघडणं

‘वॉरंट आहे’ हे शब्द ऐकले की भली माणसं दार उघडतात. पण वॉरंट दोन प्रकारचं असतं. इमिग्रेशन खात्याच्या आय-२०० किंवा आय-२०५ या फॉर्मवर खात्याच्याच अधिकाऱ्याची सही असते, वर डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटीचं नाव असतं. कोर्टाच्या वॉरंटवर कोर्टाचं नाव, न्यायाधीशाची सही, पत्ता आणि तारीख असते. घरात शिरण्याचा अधिकार न्यायाधीशाच्या सहीने मिळतो, ही राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीतून आलेली मूळ भूमिका आहे.

म्हणून दार बंद ठेवूनच बोलावं. कागद दाराखालून सरकवायला किंवा खिडकीच्या काचेवर धरायला सांगावं, आणि आधी सहीची जागा बघावी. अंगावर ‘पोलीस’ लिहिलेलं असलं म्हणजे स्थानिक पोलीस आले असं नाही. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांच्या जाकिटांवरही तो शब्द असतो. तरीही ते आत घुसले तर अडवायचं नाही, पळायचं नाही. ‘माझी संमती नाही’ एवढं मोठ्याने म्हणायचं आणि काय घडलं ते लक्षात ठेवायचं. पुढची लढाई वकील लढेल. घरातल्या मुलांनाही हे शिकवून ठेवायला सांगा, कारण बेल वाजली की दाराशी सगळ्यांत आधी पळतात ती मुलंच.

आपल्या हातून होणारी चूक वेगळीच असते. बिल्डिंगच्या मुख्य दारातून कुणीतरी मागोमाग येतं आणि आपण सवयीने दार धरून ठेवतो. अनोळखी माणसांना आत घेण्याचं तुमच्यावर बंधन नाही. शेजारी कुठे काम करतो, किती वाजता निघतो, हेही सांगायला तुम्ही बांधील नाही. मात्र उत्तर द्यायचंच ठरवलंत तर खोटं बोलू नका. फेडरल अधिकाऱ्याशी खोटं बोलणं हा गुन्हा आहे.

ऐकीव बातमी पुढे ढकलणं

‘दुकानाबाहेर आईस आलीय’ असा मेसेज ग्रुपवर पडतो. आईस म्हणजे इमिग्रेशनच्या धाडी घालणारं फेडरल खातं. कुणी पाहिलं, कधी पाहिलं, काही पत्ता नसतो. पण तो वाचून कुणी डॉक्टरकडे जायचं रद्द करतं, कुणी मुलांना शाळेत पाठवत नाही. स्वतः पाहिलं असेल तरच लिहा: किती जण, काय करत होते, नेमकी जागा, कपड्यांवर काय लिहिलं होतं, वेळ, गाड्या. खात्री नसेल तर तसं स्पष्ट लिहा, आणि जुना मेसेज खोटा ठरला तर तोही मागे घ्या.

सार्वजनिक जागी चित्रीकरण करता येतं, पण चार हात लांबून. मध्ये उभं राहणं, गाडी आडवी घालणं, कुणाचा हात ओढणं यातून तुमच्यावरच फेडरल गुन्हा दाखल होऊ शकतो आणि शेजाऱ्याचं काहीच भलं होत नाही. तुम्ही स्वतः एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर अटकेचा परिणाम तुमच्या स्टेटसवरही, म्हणजे इथे राहण्याच्या कायदेशीर दर्जावरही, होऊ शकतो. नागरिक असलेल्यांनी पुढे व्हावं, इतरांनी मागची कामं घ्यावीत. तीही कमी नसतात. व्हिडिओ आधी कुटुंबाला किंवा वकिलाला द्या. पकडलेल्या माणसाचा रडवेला चेहरा इन्स्टाग्रामवर टाकण्याचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही.

पत्ता एकाच ठिकाणी कळवणं

ही चूक बिनआवाजाची आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त घरं हीच मोडते. शेजारी घर बदलतो. यूएससीआयएसला, म्हणजे ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाचे अर्ज हाताळणाऱ्या खात्याला, नवा पत्ता १० दिवसांत एआर-११ फॉर्मने कळवतो आणि निर्धास्त होतो. पण त्याची केस इमिग्रेशन कोर्टात असेल तर कोर्टाला वेगळं कळवावं लागतं: ईओआयआर-३३ फॉर्म, कामकाजाच्या ५ दिवसांत. ते राहून गेलं की तारखेची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, माणूस हजर राहत नाही आणि त्याच्या गैरहजेरीत हद्दपारीचा आदेश निघू शकतो. कुणाला घर हलवायला मदत करत असाल तर खोकी उचलतानाच हे विचारा. कोर्टाची पुढची तारीख सरकारी वेबसाइटवर ए-नंबर (इमिग्रेशनच्या कागदांवर असलेला, ए अक्षराने सुरू होणारा नंबर) टाकून बघता येते.

ए-नंबर कुणालाच माहीत नसणं

ताब्यात घेतलेल्या प्रौढ व्यक्तीला शोधायची सरकारी वेबसाइट आहे. तिथे ए-नंबर आणि जन्मदेश लागतो. नावाने शोधायचं तर स्पेलिंग रेकॉर्डवर आहे तसंच हवं. लोकांना लवकरच दुसऱ्या राज्यात हलवलं जातं, त्यामुळे पहिले काही तास मोलाचे असतात. फोन काढून घेतात, म्हणून एक नंबर तोंडपाठ हवा. मुलांना शाळेतून कोण आणणार, तात्पुरता ताबा कुणाकडे, याचे कागद राज्याराज्यांत वेगळे असतात. ते आधीच करून ठेवावेत. आणि समजल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही नाही, कारण काही सह्यांमुळे सुनावणीचा हक्कच जातो.

ओळखीच्या ‘कन्सल्टंट’कडे पाठवणं

इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, म्हणून लोक स्वस्तातला माणूस शोधतात. नोटरी किंवा फॉर्म भरून देणाऱ्याला कायदेशीर सल्ला देता येत नाही. तो वकिलाने किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीनेच द्यायचा असतो. मान्यताप्राप्त प्रतिनिधींची यादी न्याय खात्याच्या वेबसाइटवर आहे, वकिलाचा परवाना राज्याच्या बारकडे (वकिलांच्या अधिकृत संघटनेकडे) तपासता येतो. ‘ग्रीन कार्डची गॅरंटी’ देणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा.

स्टेटस विचारणं

तुम्हाला ते माहीत असण्याची गरज नसते. माहीत झालंच तर तुमच्यापाशीच राहू द्या, पॉटलकमध्येही त्यावर बोलू नका. ‘तुम्हाला कशाची मदत लागेल?’ एवढं विचारा. कुणाला भाषेची अडचण असते, कुणाला मुलांच्या शाळेची धास्ती. कागद नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत शिकता येतं, हे सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच ठरवलं आहे. अनेकदा मागणं इतकंच असतं की सुनावणीच्या दिवशी कुणीतरी सोबत यावं. जाणार असाल तर लवकर निघा, आत किती जणांना बसू देतात ते आधी वकिलाला विचारा, आणि नोटिशीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.