रिव्हर्स उशिरा लागतोय? ऑटोमॅटिक पिकअपचा गिअरबॉक्स उतरवण्याआधी दोष असा शोधा

मार्केट यार्डात पहाटे गाडी गाळ्याला मागे लावायची असते. लिव्हर ‘आर’वर येतो, मागचा पांढरा दिवा लागतो, पण गाडी जागची हलत नाही. दोन-तीन सेकंद जातात आणि मग धाडकन गिअर पकडतो. या मधल्या वेळात बहुतेक जण ॲक्सिलरेटर दाबतात. तेवढं कृपा करून करू नका. आतल्या क्लच प्लेटा अजून घट्ट दाबल्या गेलेल्या नसतात. रेस दिली की त्या घसरतात, तापतात आणि जळतात. एका सीलवर भागलं असतं ते काम मग पूर्ण ओव्हरहॉलवर जातं.

माझ्या पिकअपला हा त्रास सुरू झाला तेव्हा एका गॅरेजमध्ये गाडी न चालवताच ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असं सांगितलं. निघालं काय, तर गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरकडे जाणारा होज जोडाजवळ पाझरत होता आणि ऑइल कमी झालं होतं. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो, पाना हातात घेण्याआधी उशीर नेमका कधी होतो ते लिहून काढा.

आधी आपला गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आहे ते पाहा. क्लच पेडल नाही म्हणून सगळेच ऑटोमॅटिक सारखे नसतात. एएमटीमध्ये आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. तिथला उशीर त्या यंत्राशी (ॲक्च्युएटर) किंवा क्लचशी निगडित असतो. हा लेख टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून पोचवणाऱ्या गिअरबॉक्ससाठी आहे.

या गिअरबॉक्समध्ये गिअर लागतो तो ऑइलच्या दाबाने. पंप दाब तयार करतो, व्हॉल्व्ह बॉडी तो योग्य क्लचकडे वळवते, तिथला पिस्टन प्लेटा आवळतो. रिव्हर्समध्ये प्लेटांवर जोर जास्त येतो, म्हणून बहुतेक गिअरबॉक्स रिव्हर्सला दाबही वाढवून देतात. कुठे थोडी जरी गळती असली तरी ती आधी इथेच जाणवते. पुढचे गिअर ठणठणीत आणि रिव्हर्स तेवढा आळशी, असं होतं ते यामुळे.

ऑइल

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून सपाट जागी उभी करा. कात्रजच्या उतारावर घेतलेलं माप खोटं निघेल. हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमधून सावकाश फिरवून आणा आणि डिपस्टिक बघा. इंजिन चालू ठेवायचं की बंद, लिव्हर ‘पी’त की ‘एन’मध्ये, हे गाडीच्या पुस्तकाप्रमाणे करा, कारण कंपनीगणिक ते बदलतं. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. तिथे ठरावीक तापमानाला खालचा लेव्हल प्लग उघडून बघावं लागतं. ते लिफ्टवर, जाणकाराकडूनच करून घ्या.

ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरत्या भागांनी घुसळून फेस होतो, आणि फेसाने दाब धरत नाही. म्हणून ‘थोडं जास्त असलं तर काय बिघडतं’ हा हिशेब इथे चालत नाही. ऑइल काळं पडलंय आणि जळका वास येतोय, तर प्लेटा घासल्या आहेत. नाना पेठेत ऑइल घेताना रंगावर जाऊ नका. पुस्तकातलं स्पेसिफिकेशन दुकानदाराला दाखवा, नेमकं तेच घ्या.

वेळ मोजा

मोबाइलचं स्टॉपवॉच पुरेसं आहे. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा. गाडीच्या मागे-पुढे कोणीही उभं राहू नये. आयडलिंगवर ‘एन’मधून ‘आर’ टाका आणि गिअर पकडल्याचा हलका धक्का जाणवेपर्यंतचा वेळ घ्या. मिनिटभर थांबून पुन्हा, असं तीनदा करून सरासरी काढा. नंतर ‘डी’ची तशीच मोजा. ढोबळमानाने ‘डी’ सव्वा सेकंदाच्या आत आणि ‘आर’ दीड सेकंदाच्या आत लागायला हवा. वेळ बरोबर आहे पण धक्का जोराचा बसतो, तर माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट तपासा. तो दोष वेगळा.

तीन सकाळी

माझा सगळ्यात जास्त भरवसा या चाचणीवर आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही. डिसेंबर-जानेवारीतली पुण्याची थंडी तर यासाठी उत्तम, कारण गार ऑइल दोष लपू देत नाही.

पहिल्या दिवशी, रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करून आधी ‘आर’ टाका, वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी आधी ‘डी’ टाका. ‘डी’लाही तेवढाच उशीर झाला तर एकट्या रिव्हर्सला दोष देऊ नका. ऑइल, फिल्टर, पंप किंवा रात्रीतून रिकामा होणारा टॉर्क कन्व्हर्टर यांच्याकडे बघा. ‘डी’ झटकन लागला, तर संशय रिव्हर्सच्या क्लचवर, त्याच्या सीलवर किंवा त्या वाटेवरच्या व्हॉल्व्हवर. तिसऱ्या दिवशी हँडब्रेक ओढून इंजिन दोन मिनिटं ‘एन’मध्ये चालू द्या, मग ‘आर’ टाका. उशीर गायब झाला तर कन्व्हर्टर रिकामा होत होता. एवढ्यात तो भरून निघतो. तरीही उशीर राहिला आणि गाडी तापल्यावरच गेला, तर रबरी सील कडक झाल्याची शक्यता मोठी. ते गरम झाल्यावर मऊ होऊन नीट बसतात.

याच्या उलट, खंबाटकी घाट चढून आल्यावर रिव्हर्स जास्त रेंगाळत असेल, तर पातळ झालेलं ऑइल झिजलेल्या पंपातून, सील रिंगमधून किंवा व्हॉल्व्ह बॉडीतून निसटतंय.

आणखी एक खूण आहे. अनेक जुन्या चार-पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्ससाठी दोन क्लच लागतात आणि त्यातला एक ‘एल’मध्येही (सगळ्यात खालचा, ‘लो’ गिअर) काम करतो. मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ‘एल’ टाकून पाय काढा. इंजिन गाडीला मागे धरत असेल तर तो क्लच शाबूत, दुसऱ्याकडे बघा. गाडी मोकळी घरंगळली तर दोष त्याच्यातच. आपल्या गिअरबॉक्सचा क्लच तक्ता मात्र मेकॅनिककडून आधी पाहून घ्या.

गॅरेजमध्ये

स्कॅनर लावायला सांगा. पी ०७०० हा कोड फक्त गिअरबॉक्सच्या कंट्रोलमध्ये काहीतरी नोंदलं गेलंय एवढंच सांगतो. त्याच्या मागे दडलेला कोड वाचून घ्या. पी ०८६८ म्हणजे ऑइलचा दाब कमी. लिव्हरची केबल सैल आहे का ते त्याच वेळी बघितलं जावं. केबल सरकली की व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो, आणि हे काम फक्त ॲडजस्टमेंटचं असतं.

त्यानंतर प्रेशर गेज. दाब सगळीकडे कमी असेल तर पंप-फिल्टर-रेग्युलेटर; दाब बरोबर असून रिव्हर्स उशिराच लागत असेल तर क्लचचं सील. प्लेटा घसरतात का हे बघणारी स्टॉल टेस्ट ब्रेक दाबून पूर्ण रेसवर होते आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त चालू नये. ती स्वतः करू नका.

गिअरबॉक्सखालचा ऑइलचा चेंबर खोलला की समोर उभे राहा. त्यातल्या चुंबकावरची करडी मऊ पेस्ट नेहमीची. धातूचे कण किंवा काळे तुकडे दिसले, किंवा प्रेशर गेजने पंपाकडे वा क्लचच्या सीलकडे बोट दाखवलं, तरच गिअरबॉक्स उतरवण्याची परवानगी द्या. सील फुगवणारं औषध ओतून काही आठवडे बरे जातात, पण कडक सील त्याने नवं होत नाही.

काम झाल्यावर गाडी रात्रभर तिथेच ठेवा. सकाळी स्वतः जाऊन पहिल्यांदा इंजिन सुरू करा, ‘आर’ टाका आणि स्टॉपवॉच बघून मगच बिल चुकतं करा.