साहित्यावरच्या लेखातले जडजंबाल शब्द कसे काढावेत

चर्चासत्रातला निबंध असो की पीएच. डी.चा प्रबंध, मराठीत कवितेवर लिहायला बसले की ठरलेली मंडळी हजर होतात: जाणिवा, आविष्कार, व्यामिश्र, अवकाश, परिप्रेक्ष्य. मार्गदर्शक हेच बोलतात, संदर्भग्रंथांत हेच छापलेले असते, त्यामुळे ते खटकतही नाहीत.

१. आधी खर्डा पुरा करा. लिहितानाच शब्द निवडत बसलात तर लेख पुढे सरकणार नाही. मग छापील प्रत घेऊन अशा प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा.

२. रेघ पडलेल्या वाक्यातले कवीचे नाव बदलून पाहा. समजा वाक्य आहे: ‘बहिणाबाईंच्या कवितेत ग्रामीण स्त्रीच्या व्यामिश्र जाणिवांचा सर्जनशील आविष्कार प्रकर्षाने जाणवतो.’ गावाकडच्या दुसऱ्या कुठल्याही कवयित्रीचे नाव घाला, काही बिघडत नाही. म्हणजे बहिणाबाईंबद्दल अजून काहीच सांगून झालेले नाही.

३. आता पुस्तक उघडा आणि ते वाक्य लिहिताना कोणती ओळ मनात होती ती शोधा. मनाविषयी सांगताना बहिणाबाईंना उभ्या पिकातले ढोर आठवते, कितीही हाकलले तरी परत पिकात शिरणारे. संसाराविषयी सांगताना चुलीवरचा तवा: आधी हाताला चटके, मग भाकर. मग लिहा: ‘मन आणि संसार हे विषय बहिणाबाई शेतातल्या नि चुलीपाशी रोज दिसणाऱ्या गोष्टींतूनच मांडतात, आणि त्या हाताळताना होणारा त्रासही लपवत नाहीत.’ या वाक्याशी कुणी भांडू शकेल. आधीच्या वाक्यात भांडायलाही काही नव्हते.

४. मात्र सरसकट सगळे शब्द हाकलू नका. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात ‘लय’ला नेमका अर्थ आहे, संवाद, विरोध आणि समतोल हे तिचे नियम. ते लावून कविता तपासत असाल तर ‘लय’ हवीच, फक्त ती मर्ढेकरांची आहे हे एका वाक्यात सांगा. ‘कवितेला आंतरिक लय आहे’ एवढेच म्हणायचे असेल तर वाक्यच गाळा. ‘दलित जाणीव’ तर मुळीच पातळ करू नका. तिच्यामागे आंबेडकरांचा विचार आणि जातिव्यवस्थेला दिलेला नकार आहे. तिथे ‘भावना’ लिहिलीत की मुद्दाच गेला. विखंडनाचेही, म्हणजे मजकुरातले अंतर्विरोध उलगडून दाखवणाऱ्या वाचनाचेही, तसेच. ते मांडणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदाचे नाव घेऊन कथेचे नुसते तुकडे पाडणे म्हणजे विखंडन नव्हे.

५. ‘जाणवते’, ‘प्रत्ययास येते’ दिसले की विचारा, कुणाला? बहुतेकदा तुम्हालाच. मग ‘मला वाटते’ लिहा. विद्यापीठात उगाच त्याला बिचकतात.

मार्गदर्शकांना शीर्षकात ‘परिप्रेक्ष्य’ हवेच असेल तर राहू द्या. शीर्षकावरून वाद घालण्यापेक्षा तो वेळ आतल्या प्रकरणांना द्या.